सर बाहेर आहेत

तुमच्या तोंडून कुणी रोज खोटं वदवून घेतलं, तर ते तुम्ही विसराल का? मी नाही विसरले. मी पाटी बोलतेय, विद्यापीठातल्या एका सरांच्या दारावरची.

एका सुतारानं मला जुन्या खिडकीच्या फळीतून कापलं. अंगावर दोन ओळी रंगवल्या. वर 'सर आत आहेत', खाली 'सर बाहेर आहेत'. खाचेत एक पितळी पट्टी बसवली. ती वरखाली सरकवली की एक ओळ झाकते आणि दुसरी दिसते. "खरं तेवढं सांगायचं, बाकी तुला काही काम नाही," असं म्हणत त्यानं माझ्यावरचा भुसा फुंकला.

पहिले म्हातारे सर नुसते हात धुवायला गेले तरी पट्टी सरकवून जायचे. त्यांच्या काळात मी मान ताठ ठेवून जगले.

मग हे नवे सर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पट्टी सरकवून 'बाहेर' उघडं केलं, आत गेले आणि कडी लावली. मला वाटलं, चुकून झालं असेल. कसलं चुकून! आत खुर्ची करकरायची, फोनवर मॅच चालायची, आणि बाहेर मी पोरांना बिनदिक्कत सांगायची, सर बाहेर आहेत. मला हात असते तर त्यांच्या कानाखाली वाजवली असती. पण असतं एकेकाचं नशीब. मी मनात डूख धरून लटकत राहिले.

त्यातून विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी ऐकायचं काम विभागानं नेमकं त्यांच्याकडेच दिलेलं. त्यांनी एक तक्ता केला होता, 'विद्यार्थी संकटात आहे हे कसं ओळखाल?' मीटिंगमध्ये त्यावर टाळ्या पडल्या म्हणे. तो त्यांनी माझ्या शेजारीच टाचला, आणि एक टाचणी माझ्या अंगात खुपसली. तीही मी विसरले नाही.

आमच्या मजल्याची साफसफाई करणारी मावशी रोज मला ओल्या फडक्यानं पुसायची आणि तो तक्ता ओठ हलवत वाचायची.

एक मुलगी यायची. मावशी तिला बडबडी म्हणायची. पहिल्या वर्षी ती जिन्यातूनच ओरडायची, "मावशी, बूट चिखलाचे आहेत, आधीच माफी मागते!" मावशी झाडू उगारायची आणि दोघी हसायच्या.

दुसऱ्या वर्षी बडबडी गप्प झाली. चार दिवस तोच सदरा, केस न विंचरलेले. ती सरांना भेटायला आली. मी म्हटलं, बाहेर आहेत. ती परत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा तिनं आपली निळी छत्री मावशीच्या हातात दिली.

"ठेवा तुम्हाला. मला आता नाही लागणार."

"अगं, गावी चाललीस का?"

"नाही," म्हणाली आणि गेली.

मावशी छत्री धरून तशीच उभी राहिली. मग तक्त्याकडे वळली. तिथं चौथ्या ओळीत लिहिलं होतं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. तिनं दार ठोठावलं. "सर, ती पोरगी बरी दिसत नाही हो."

आतून आवाज आला, "मावशी, पाटी वाचता येते ना? मी बाहेर आहे."

त्या क्षणी मी ठरवलं, आता बास.

मावशीच्या फडक्याचं पाणी मी रोज पीत होते. त्या दिवशी पोटभर प्यायले. रात्रभर फुगले, खाच आवळून घेतली. सकाळी सर आले. मावशीनं पुसताना पट्टी खाली सरकली होती, आणि 'सर आत आहेत' दिसत होतं. ती वर ढकलायला गेले, तर हलेना. जोर लावला तेव्हा माझं एक कुसळ त्यांच्या अंगठ्यात खोल घुसलं. "आई गं!" मला फार बरं वाटलं. चिडून ते आत गेले आणि कडी लावली.

दुपारी बडबडी आली. तिनं मला वाचलं आणि दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मॅचचा आवाज तेवढा बंद झाला.

"पाटी खोटी असेल," ती पुटपुटली आणि जिन्याकडे वळली.

मावशीनं बादली टाकली, धावत जाऊन तिचा हात धरला आणि दुसऱ्या मुठीनं दार बडवायला लागली. "सर, आज पाटी आत म्हणतेय! उघडा, नाहीतर सगळा मजला गोळा करते!"

मजला गोळा झालाच. कारकून आले, दोन शिक्षिका आल्या. दार उघडलं. हातात अर्धी पोळी आणि अंगठ्याला रुमाल, अशा अवतारात सर उभे. याच घटकेची मी वाट बघत होते.

"सर, मी पाच वेळा आले होते," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता."

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"होतो," ते म्हणाले. "पाचही वेळा आतच होतो."

मावशीनं तिला खुर्चीत बसवलं. "पोरी, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का? सरळ सांग."

"मावशी, असं विचारू नये!" सर दचकले.

"तुमच्याच कागदावर आहे, सरळ विचारा म्हणून. रोज पुसते मी तो."

मुलीनं मान हलवली. होकारार्थी. मग ती रडली, आणि सरांना रुमाल द्यायचं सुचलं, तोच, अंगठ्याचा. फोन करून ते स्वतः तिला समुपदेशक बाईंकडे घेऊन निघाले. मावशी दुसऱ्या बाजूनं चालत होती. माझ्यावर मात्र 'सर आत आहेत' तसंच राहिलं. एवढं एक खोटं मी आनंदानं बोलले.

मी त्यांना माफ केलेलं नाही. पाच म्हणजे पाच. पण तुमच्या दारावर माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला खरं बोलू द्या. आम्ही लाकडाच्या असलो तरी सगळं लक्षात ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला दारावरून उतरवून टेबलावर ठेवलं. दार उघडंच होतं. थोड्या वेळानं बडबडी समुपदेशक बाईंबरोबर आली. मावशीनं छत्री पुढे केली, आणि तिनं ती घेतली.