नूर स्टुडिओचा वाघवाला पडदा

मित्रांनो, माझ्या अंगावर एक वाघ राहतो. त्याच्या शेजारी धबधबा आहे, धबधब्याला चिकटून संगमरवरी जिना आहे, जिन्याच्या कठड्यावर मोर बसलाय आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सूर्य आणि चंद्र दोघेही एकाच वेळी ड्युटीवर हजर आहेत. एवढा मोठा संसार घेऊन मी लटकत असतो. मी नूर फोटो स्टुडिओचा जुना पडदा. मुक्काम भिवंडी. माझं बोलणं तुम्हाला थापा वाटलं तर वाटू द्या. खोट्याला खरं करून दाखवणं हाच माझा धंदा आहे.

आमच्या भिवंडीत कापडाला जन्म घ्यायला मुहूर्त लागत नाही. दिवसपाळी असो की रातपाळी, लूम खटखटत असतात आणि तागे उतरत असतात. मीही असाच एका ताग्यातून उतरलो. कोरा, ना रंग ना रूप. माझ्या भावंडांपैकी कुणी अस्तर झाले, कुणी उशीचे अभ्रे झाले. मला मात्र नूरुद्दीनभाईंनी उचललं. त्यांनी तेव्हा नवा नवा स्टुडिओ थाटला होता. त्यांनी माझ्या दोन पट्ट्या शिवून एक केल्या आणि मला पडघ्याच्या हिरामण पेंटरच्या हवाली केलं.

हिरामण हायवेवर ट्रक रंगवायचा. नूरुद्दीनभाई म्हणाले, "काश्मीर काढ." हिरामण कसारा घाटाच्या पलीकडे कधी गेला नव्हता. पण नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने त्याला येत होतं तेवढं सगळं काढलं. ट्रकच्या फाळक्यावर काढायचा तसला मिशाळ वाघ काढला आणि हात सवयीने खाली घसरला तेव्हा झोकदार अक्षरांत लिहिलं, 'हॉर्न ओके प्लीज'.

नूरुद्दीनभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे हिरामण, काश्मीरमध्ये हॉर्न कुणाला वाजवायचा?"

"वाघ वाटेत बसलाय ना, चाचा!" हिरामण म्हणाला.

तेव्हापासून त्या अक्षरांपुढे एक फुलदाणी ठेवलेली असे.

मित्रांनो, काय ते दिवस होते! ईद म्हणू नका, हळदी म्हणू नका, माझ्यापुढे रांग लागायची. दिघाशी गावच्या केसरीनाथचा लग्नासाठी दाखवायचा फोटो माझ्याच जिन्याजवळ काढला होता. तो फोटो मुलीकडे गेला, तर तिचे वडील दुसऱ्याच दिवशी दिघाशीत हजर! "एवढा दगडी जिना हाय कुठं? दावा!" शेवटी मुलीनेच, रंगूबाईने, निकाल लावला. "जिना न्हाय तर न्हाय, बाबा. पोरगा तर हाय ना!" आणि एका बकरी ईदला शेजाऱ्यांनी आपला लाडका बोकड फोटोला आणला होता. त्याने माझं गवत खरं समजून कोपरा चाटून पार टक्कल पाडलं. दुसऱ्या दिवशी तो बोकड हिरवं शिंकला, हे मी शपथेवर सांगतो.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. एवढ्या वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाचा चेहरा पाहिला नाही. कारण सोपं आहे. फोटो काढणारा माझ्याकडे तोंड करून उभा राहतो आणि फोटो काढून घेणारा माझ्याकडे पाठ करून. सगळी भिवंडी मला मानेवरून ओळखू येते. चेहरा म्हणाल तर मला पाठ होता तो फक्त नूरुद्दीनभाईंचा. पुढे त्यांचे डोळे अधू झाले आणि कॅमेरा त्यांच्या मुलीने, नबीलाने, हातात घेतला. मग तिचाही झाला.

नबीला हुशार. दिवसा पासपोर्टचे फोटो, सुट्टीत लग्नाच्या ऑर्डरी. तिचा नवरा दुबईला नोकरीला, त्यामुळे त्यांची पाच वर्षांची मुलगी जोहा दिवसभर स्टुडिओतच वाढली. माझ्यामागे चटई टाकून ती झोपायची, उठली की माझ्या वाघाला बिस्किट भरवायची. मला 'पडदेमियाँ' म्हणायची. असा मान मला कुणी दिला नव्हता!

पण एव्हाना ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल आला होता. लोक घरीच फोटो काढू लागले. ज्यांना अजून फोटो लागत, त्यांना मागे पांढरंच हवं असे. एके दिवशी नबीलाने मला गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं.

"अब्बा, लोक हसतात याला बघून," ती म्हणाली.

"अगं, हसले तर बरंच की! फोटोच काढायचाय, एक्स-रे नव्हे!" नूरुद्दीनभाई कुरकुरले. पण दुकान आता मुलीचं होतं.

माळ्यावर मी आणि पाली. माझा वाघ वाळून मांजर होतो की काय, असं मला वाटायला लागलं. खाली काय चाललंय ते सगळं कानावर येई, आणि जे येई ते बरं नव्हतं. गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचा आणि नबीलाने काल्हेरच्या एखाद्या गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या शिफ्टला लागायचं, असं घरात ठरत आलं होतं. मग जोहा कुणाकडे राहणार? या प्रश्नाशी आलं की बोलणं दुसरीकडे वळायचं.

एकच आशा उरली होती. काल्हेरला लहान मुलांचे कपडे ऑनलाइन विकणारी एक कंपनी होती. तिच्या कॅटलॉगचे फोटो काढायला त्यांना कुणीतरी कायमचं हवं होतं. कंपनीच्या विनिता मॅडम एक सकाळ स्टुडिओत बसून काम पाहणार होत्या. आवडलं तर वर्षभराची ऑर्डर, नाही तर मोबाइलची कव्हरं.

तो दिवस उजाडला. जोहाने माळ्यावर चढून माझा एक कोपरा बाहेर ओढून ठेवला होता, म्हणून मला वरून सगळं दिसत होतं. नबीलाने पांढरा कागद भिंतीवरून जमिनीपर्यंत सोडला, लाइट लावले. विनिता मॅडम फ्रॉकची पेटी घेऊन आल्या. आणि तेवढ्यात फोन वाजला. फोटोसाठी ठरवलेल्या मुलीला ताप आला होता!

नबीलाने जोहाला पुढे केलं. "माझी मुलगी आहे ना, मॅडम. स्टुडिओतच वाढलीय. कॅमेऱ्याला अजिबात घाबरत नाही."

जोहाला पिवळा फ्रॉक घातला. ती कागदावर जाऊन उभी राहिली. नबीलाने कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, पोरीने काय करावं? केस कानांमागे सारले, हनुवटी खाली घेतली, ओठ घट्ट मिटले आणि डोळे फाडून समोर बघत राहिली.

"ही तर आधार कार्डाला बसलीय!" विनिता मॅडम म्हणाल्या.

"जोहा, हस ना बेटा."

"फोटोत हसत नाहीत," जोहा ओठ न हलवता बोलली. "तूच सांगतेस सगळ्यांना. हसू नका. कान दिसू द्या."

नूरुद्दीनभाई कोपऱ्यात खुर्चीवर होते. ते खो खो हसले. "घे! सकाळ-संध्याकाळ पासपोर्ट, पासपोर्ट! पोरीचा पार पासपोर्ट करून टाकलास!"

"अब्बा, आत्ता नको ना!"

मग सुरू झाली झटापट. चॉकलेट दाखवलं, ते जोहाने गंभीर चेहऱ्याने खाल्लं. रबरी बदक वाजवलं, ते ऐकून बदकाचा चेहरा पडला पण पोरीचा हलला नाही. नूरुद्दीनभाईंनी माकडासारख्या उड्या मारल्या, तर ती म्हणाली, "नाना, हलू नका. फोटो खराब होतो."

नबीलाच्या कपाळावर घाम आला. विनिता मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि एक एक फ्रॉक पेटीत परत ठेवायला घेतला. "तुमचे लाइट छान आहेत हो, नबीला मॅडम. पण असं मूल पाहून फ्रॉक कोण घेणार? लोकांना वाटेल, या मुलीला आम्ही शिक्षा केलीय."

"झाला फोटो?" जोहाने विचारलं आणि ती कागदावरून बाजूला झाली. मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "अम्मी, आता पडदेमियाँला खाली घे. वाघाने सकाळपासून काही खाल्लं नाही." आणि हे म्हणताना, मित्रांनो, ती खुदकन हसली!

नबीलाने ते पाहिलं. तिचा चेहराच पालटला.

"मॅडम, दहा मिनिटं थांबा. अब्बा, शिडी!"

"पण मागे पांढरंच पाहिजे हं," विनिता मॅडम म्हणाल्या. "वाघबिघ चालणार नाही."

"मागे पांढरंच राहील."

धडाधड शिडी आली. मी सरसर खाली आलो, अंगावरची धूळ उडाली, विनिता मॅडम सटासट शिंकल्या. नबीलाने मला टांगलं, पण कुठे? कॅमेऱ्याच्या मागे! माझा हिरवा रंग पोरीच्या गालावर पडू नये म्हणून चांगला चार हात मागे. कॅमेरा स्टँडवर बसवला, रिमोटचं बटण मुठीत लपवलं. मग ती स्वतः कॅमेऱ्याच्या बाजूला, माझ्यापुढे, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. फुलदाणी शोधायला वेळ कुणाला होता? 'हॉर्न ओके प्लीज' तिच्या पायाशी उघडं पडलं होतं.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला नबीलाची मान दिसली. घामाने चिकटलेले केस, खांद्यावर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा वळ. आणि तिच्या पलीकडे, पांढऱ्या कागदावर, माझ्याकडे तोंड करून एक गिऱ्हाईक उभं होतं!

"जोहा, आज तू फोटोग्राफर," नबीला म्हणाली. "मी गिऱ्हाईक. काढ माझा फोटो."

जोहाने बोटांची चौकट केली, एक डोळा मिटला. तिच्या अंगात आईच शिरली. "मॅडम, मान सरळ. कान दिसत नाहीत. अं हं, हसू नका! बाकीचे लोक खोळंबलेत!"

नबीलाने केस कानांमागे घेतले, हनुवटी खाली केली, डोळे फाडले. मागे वाघ, बाजूला मोर, डोक्यावर सूर्य-चंद्र, आणि मध्ये अम्मीचा हुबेहूब पासपोर्ट! जोहाचे ओठ थरथरले.

आणि त्या क्षणी माझ्या वाघाने डरकाळी फोडली. नूरुद्दीनभाई तेव्हा माझ्यामागे उभे होते आणि त्यांना खोकला आहे, असं काही लोक म्हणतात. लोकांचं काय ऐकायचं! वाघ माझा आहे, मला माहीत. नबीला दचकून अशी उडाली की पायातली चप्पल एकीकडे आणि ती एकीकडे.

जोहा हसली. पोट धरून, मान मागे टाकून, पुढच्या पडलेल्या दाताची फट दाखवत हसली. दचकली तरी नबीलाची मूठ शुद्धीवर होती. खटाक! खटाक! खटाक!

"हा!" विनिता मॅडम स्क्रीनवर वाकून ओरडल्या. "हाच चेहरा! निळा फ्रॉक घाला, लवकर! चाचा, तुमचा वाघ थकला नाही ना?"

पेटीतले सगळे फ्रॉक पुन्हा बाहेर आले. जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणाला भान नव्हतं. जाताना विनिता मॅडम नबीलाला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात स्वेटर पाठवते. मुलंही पाठवते. आणि ऐका, हा पडदा इथेच ठेवायचा हं."

त्या गेल्या आणि नबीला मटकन खाली बसली, माझ्या जिन्याला टेकून. जोहा तिच्या मांडीवर चढली. "अम्मी, तुझा खरा फोटो काढू? तुझा एकही नाही."

नूरुद्दीनभाईंनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, बटण जोहाने दाबलं. फोटो वाकडा आला. नबीलाचं डोकं कपाळापासून वर कापलं गेलं, एक हात बाहेर राहिला, वाघ मात्र अख्खा आला. पण बाई हसतेय, ती अशी की बघत राहावं. नूरुद्दीनभाईंनी तो मोठा करून काचेच्या कपाटात, रस्त्यावरून दिसेल असा लावलाय.

मित्रांनो, आता माझ्यापुढे रोज पोरं नाचतात आणि मी त्यांचे चेहरे बघतो. म्हातारपणी एवढी चैन कुणाच्या वाट्याला येते? तुम्हाला एवढंच सांगतो. माझ्यासारखा जुना पडदा घरात असेल तर त्याची घडी घालू नका, रंग तडकतो. सैल गुंडाळा, आणि अधूनमधून हवा दाखवा. आणि आज घरी गेलात की सगळे फोटो काढून बघा. त्यांत जे माणूस कुठेच दिसणार नाही, त्यानेच ते सगळे काढलेले असतील. त्याच्या हातातून कॅमेरा घ्या, त्याला भिंतीपुढे उभं करा आणि बटण दाबा. डोकं कापलं गेलं तरी चालेल.