कार्डाला धरलंय

शनिवारी सकाळी दहा वाजता पंपावर इतकी गर्दी होती, की पेट्रोल भरायला आलेल्यालाच आपण चुकीच्या जागी आलो असं वाटावं. गाड्या मोजक्या, माणसं उदंड. प्रत्येकाच्या हातात एकेक क्रेडिट कार्ड, बाळाला लस टोचायला आणल्यासारखं जपून धरलेलं. चार नंबरच्या यंत्राजवळ, हवा भरायच्या नळीशेजारी, घडीच्या खुर्चीत लिमिटबाबा विराजमान झाले होते. अंगात पांढराशुभ्र शर्ट, पायांत पांढरे बूट, गळ्यात मुदत संपलेल्या कार्डांची माळ आणि मांडीवर निळ्या मखमलीची पेटी.

“कार्ड म्हणजे काय?” बाबांनी विचारलं.

“शरीर!” गर्दीला पाठ होतं.

“आणि लिमिट?”

“आत्मा!”

“शरीर प्लॅस्टिकचं. त्याची मुदत त्याच्यावरच छापलेली आहे. आत्म्याला मुदत नाही. मग तो अडतो का?”

“धरलं की अडतो!”

बाबा प्रसन्न हसले. दोन बोटांनी त्यांनी गर्दीतल्या पाववाल्याला पुढे बोलावलं. पाववाल्याच्या मोटरसायकलला मागे पत्र्याचा पेटारा होता आणि डोळ्यांत पाणी.

“मागच्या शनिवारी इथं तीनशेचं पेट्रोल भरलं,” तो म्हणाला. “पुढं पिठाच्या दुकानात गेलो, तर कार्ड चालेना. परत आलो, कार्ड पेटीत घातलं. बाबा म्हणाले, धरलंय, तिसऱ्या दिवशी सुटेल. मंगळवारी सुटलं हो! आकडा जिथल्या तिथं!”

टाळ्या पडल्या. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईंनी तेवढ्या टाळी वाजवली नाही. त्यांच्या एका हातात पाच लिटरचं स्टीलचं माप होतं, हे एक कारण. दुसरं कारण असं, की वजनमापे खात्यातल्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कशालाच टाळी वाजवली नव्हती. पंपावर यायचं, मापात पाच लिटर पेट्रोल घ्यायचं, खाली वाकायचं आणि मानेवरच्या रेषेपर्यंत आलंय की नाही ते बघायचं. नाही आलं, तर यंत्राला सील. “वरून बघू नका, डोळा रेषेला आणून बघा,” हे त्यांचं एकच वाक्य साऱ्या पंपवाल्यांना पाठ होतं. सगळे त्यांना मापकाकू म्हणत.

त्यांच्या शेजारी त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. तो टॅक्सी चालवायचा. त्याच्याही एका हातात कार्ड होतं, दुसऱ्या हातात फोन.

“ताई, हा फोन बघ. पोरीच्या कानाच्या ऑपरेशनसाठी एकसष्ट हजार मोकळे ठेवले होते. एरवी मी तेल रोखीनं भरतो, आज सुट्टे नव्हते म्हणून कार्ड घातलं. सहाशेचं भरलं. आता दाखवतंय छप्पन हजार! पुढच्या सोमवारी दवाखान्यात साठ हजार अनामत भरायचीय. भरली नाही तर तारीख गेली, आणि पुढची तारीख चार महिन्यांनी. धरलंय गं.”

“कुणी?”

“कुणी म्हणजे? धरलंय म्हणजे धरलंय.”

“धरलंय हे क्रियापद आहे, बाळा. त्याला कर्ता लागतो.”

“तू लहानपणापासून अशीच. घर पेटलं तरी विचारशील, नेमकं किती वाजता पेटलं.”

“विचारीन. पाणी मारता मारता विचारीन.”

तोवर विधी सुरू झाला होता. बाबा एकेक कार्ड निळ्या पेटीच्या फटीत घालत आणि अकरा आकडे मोजत. पेटीच्या कडेला एक भोक होतं. त्याला तोंड लावून कार्डाच्या मालकानं आपले चार गुप्त अंक पुटपुटायचे. कारण, बाबा समजावून सांगत, “वासराला गायीचा हंबर कळला पाहिजे.” मग दक्षिणा. मग ताकीद.

“बाधा बाहेर पडताना रिकाम्या पोटी जात नाही. चारपाच दिवसांनी फोनवर एखादी अनोळखी नोंद दिसेल. तिच्याकडे बघायचं नाही. आणि बँकेला विचारायचं तर मुळीच नाही. विचारलंत की…?”

“परत धरते!” गर्दी म्हणाली.

मापकाकूंची नजर मात्र यंत्रांवर गेली होती. चारही यंत्रांवर, पडद्याच्या बरोबर खाली, बाबांचा तळहाताएवढा फोटो चिकटवलेला होता. फोटोत बाबा आशीर्वाद देत होते. हा आशीर्वाद कुठून दिला जातोय, ते मापकाकूंच्या लगेच ध्यानात आलं. त्या जागी एक छापील सूचना असावी लागते. ती आहे की नाही, हे तपासणं त्यांचंच काम होतं.

“सूचना कुठे गेली?” त्यांनी पंपाच्या मालकाला विचारलं.

“आहे की काकू, जागच्या जागी. बाबांच्या पाठीमागे.” मालक खुशीत होता. “अहो, विक्री दुप्पट झालीय. फोटो राहू द्या ना थोडे दिवस.”

मापकाकूंनी डायरीत एक ओळ लिहिली. मग भावाकडे वळल्या. तो रांगेत दोन पावलं सरकला होता.

“आठ दिवस थांब,” त्या म्हणाल्या.

“आणि पैसे नाही सुटले तर?”

“मंगळवारी सुटतील. पेटी नाही, मंत्र नाही. नाही सुटले, तर मी स्वतः तुला बाबांच्या पायाशी आणून बसवीन, आणि दक्षिणाही मीच देईन. आज माझं कार्ड आधी जाऊ दे.”

“तुझं? तुझा तर विश्वास नाही!”

“विश्वास नसला तरी कार्ड आहे.”

त्यांनी पर्समधून एक जुनं कार्ड काढलं. ते त्या कधीच वापरत नसत. बँकेत फोन करून त्यांनी काय करणार आहोत ते सांगितलं, आणि त्यावरचं लिमिट आठ हजारांवर आणून घेतलं. मग चार नंबरवर स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल भरलं, फोनवर बघितलं, तर पाच हजार धरलेले. मग रांगेत उभं राहून त्यांनी कार्ड पेटीत घातलं आणि भोकात चार अंक पुटपुटले. पुटपुटताना वाकल्या, त्यामुळे डोळा आपोआपच भोकाच्या रेषेला आला. आत एक बारीकसा हिरवा दिवा लुकलुकत होता.

“दिसला प्रकाश?” बाबांनी गंभीरपणे विचारलं.

“दिसला,” मापकाकू म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

मंगळवारी दुपारी भावाचा फोन आला. “ताई, सुटलं! साठ हजार चारशे दाखवतंय!”

“कार्ड कुणाच्या पेटीत गेलं होतं का?”

“नाही.”

“मग?”

“तू माझ्या शेजारीच उभी होतीस ना? तुझं कार्ड पावन झालं, त्यातलं थोडं माझ्याकडे आलं असेल. ताई, मी शनिवारी जाऊन येतो. नुसते आभार मानून येतो. सोमवारी दवाखान्यात ऐनवेळी काही नको. चार अंक सांगायचे, त्यात आपलं जातंय काय?”

मापकाकूंनी कपाळाला हात लावला. पुरावा हातात असून माणसाला दिसत नाही, कारण तो वरून बघतो.

बुधवारी संध्याकाळी मात्र त्यांच्या फोनवर एक नोंद आली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पुन्हा बँकेला फोन केला. मग पोलीस चौकीत गेल्या.

पुढच्या शनिवारी गर्दी आणखी वाढली होती. बाबांच्या माळेत तीन कार्डं वाढली होती. भाऊ रांगेत तिसरा होता. मापकाकू सरळ पुढे गेल्या आणि स्टीलचं माप बाबांच्या खुर्चीसमोर उलटं ठेवून त्यावर बसल्या.

“बाबा, शंका आहे.”

“शंका म्हणजे लिमिट,” बाबा म्हणाले. “सोडून द्या.”

“माझ्या स्कूटरच्या टाकीत पाच लिटर पेट्रोल मावतं. बुधवारी माझ्या कार्डावर बेचाळीस लिटर डिझेलची नोंद आली. इथून साठ किलोमीटर लांबच्या पंपावरची. कार्ड त्या वेळी माझ्या कपाटात होतं.”

“सांगितलं होतं ना? बाधा जाताना खाऊन जाते.”

“डिझेल खाते?”

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी तिकडे बघितलं. हसणारा गप्प झाला. मागून दोघंतिघं ओरडले, “ओ काकू, बाबांना उलट बोलू नका! उठा तिथून!”

“उठते. आधी सगळ्यांनी एक काम करा. देवाधर्माचं नाही, साधं. फोन काढा आणि तेलाच्या नोंदी बघा. पैसे बघू नका, खाली लिहिलेले लिटर बघा. आपल्या टाकीत किती मावतं ते तर तुम्हाला ठाऊक आहे ना?”

आपल्या टाकीत किती मावतं, हे पंपावरचा माणूस झोपेतही सांगेल. हात खिशांकडे गेले. बाबा मोठ्यानं म्हणाले, “बघू नका, परत धरेल!” पण एकदा आकड्याची आठवण झाली की माणसाला राहवत नाही.

पहिला आवाज पाववाल्याचा. “माझ्या गाडीत बारा लिटर मावतं. इथं अडतीस लिहिलंय. अडतीस! डिझेल!”

“माझ्या चाळीस,” एक शिंपीणबाई म्हणाल्या. “आणि माझ्याकडे गाडीच नाही हो! मी तर शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घ्यायला आले होते, कार्ड सहज शुद्ध करून घेतलं.”

आता हसणाऱ्याला कुणी गप्प केलं नाही.

मापकाकू उठल्या, चार नंबरच्या यंत्राशी गेल्या आणि बाबांच्या फोटोचा कोपरा नखानं उचकटला. फोटो चर्रकन निघाला. खालच्या छापील पट्टीवरचं त्यांनी मोठ्यानं वाचलं:

“‘तेल भरण्यापूर्वी आपल्या कार्डावरील पाच हजार इतकी रक्कम हमी म्हणून धरली जाईल. प्रत्यक्ष बिल वजा करून उरलेली रक्कम तीन दिवसांत सोडली जाईल.’ कार्ड घालताना तुम्ही किती भरणार ते यंत्राला माहीत नसतं, म्हणून ते आधी धरतं. मग सोडतं. बाबांची सगळी विद्या या दोन ओळींची आहे. ती त्यांनी वाचली, आणि तुम्ही वाचू नये म्हणून वरती स्वतः बसले.”

“मग पेटी कशाला?” रांगेतून विचारणारा आवाज भावाचा होता.

“ते पेटीच्या मालकांनाच विचार.”

पेटीचे मालक, म्हणजे बाबा, उठून हवेच्या नळीमागे उभ्या असलेल्या आपल्या बंदिस्त गाडीकडे निघाले होते. इथून पुढे त्यांना ‘तो’ म्हणायला हरकत नाही, कारण रांगेतल्या दोघा जणांनी त्याचे दोन्ही दंड पकडले. ते साध्या कपड्यांतले पोलीस होते. पेटी उघडली. मखमलीखाली कार्डाची काळी पट्टी वाचून तिची नक्कल साठवणारं काडेपेटीएवढं यंत्र होतं आणि भोकामागे आवाज टिपणारं दुसरं. नकली कार्डं त्यावरून बनत. जुनी, फक्त पट्टी वाचणारी यंत्रं ज्या पंपांवर उरली होती, तिथे ती चालत. तीन दिवस धरलेली रक्कम सुटायची वाट बघायची, कारण तोवर चोरायलाही लिमिट नसतं. चौथ्या दिवशी बाबांची गाडी सुटायची. तिच्यात सीट नव्हत्या. मागे पत्र्याची एक टाकी होती, हजार लिटरची, आणि डिझेलचा भपकारा. हे तेल स्वस्तात विकलं जाई. आत्मा अमर होता की नाही ठाऊक नाही, पण त्याला गिऱ्हाईक होतं.

“मला धरलंय…” तो पुटपुटला.

“हो,” पोलीस म्हणाला. “आम्ही.”

पंपाच्या मालकानं स्वतःच्या हातानं उरलेले तीन फोटो सोलून काढले. सूचना झाकल्याबद्दल मापकाकूंनी त्याला नोटीस दिली, ती दिलीच.

इथे गोष्ट संपवता आली असती. पण त्या रांगेतली माणसं मूर्ख नव्हती, हे सांगायला हवं. पाववाला पावाची वजनं ग्रॅमवर जाणतो. शिंपीणबाई नजरेनं माप घेतात. आपल्या धंद्यात ज्याला कुणी फसवू शकत नाही, तोच माणूस धास्तावला की चार पावलांवरची दोन ओळींची पट्टी वाचत नाही, आणि चार अंक परक्याच्या पेटीत ओततो. म्हणून कुणी ‘धरलंय’ म्हणालं, की घाबरण्याआधी विचारावं: कुणी, किती, आणि कधीपर्यंत? उत्तर खरं असेल तर ते कुठेतरी छापलेलं असतं. आणि ‘विचारू नका’ हेच उत्तर असेल, तर बाधा समोर बसलेलीच आहे.

सोमवारी सकाळी भावानं टॅक्सीत तेल भरलं ते रोखीनं. दवाखान्याच्या खिडकीवर त्याची मुलगी ताईआत्याचा हात धरून उभी होती. खिडकीतल्या बाईंनी कार्ड यंत्रात घातलं आणि सवयीनं म्हणाल्या, “साठ हजार धरून ठेवतेय हं.”

मापकाकूंनी भावाकडे बघितलं.

भाऊ खिडकीवर वाकला. डोळे पडद्याच्या रेषेला आणले.

“धरा,” तो म्हणाला. “पण बाई, कधीपर्यंत ते लिहून द्या.”