रविवारचा जादा क्लास

कामिनीने स्कूटीला तिसऱ्यांदा किक मारली, तेवढ्यात भुपेंद्र घरातून ओरडला.

“आई, माहा स्काउटचा स्कार्फ कुठी हाये?”

“दोरीवर पाह्य ना! माह्या डोस्क्यावर हाये का?”

स्कूटी एकदाची सुरू झाली. टीना दप्तर मांडीवर घेऊन मागे बसली आणि गाव सुटायच्या आतच तिने आईच्या पाठीला डोके टेकले. पोरगी बारावीत, सायन्सला. सहा ते साडेसात क्लास, आठला कॉलेज. दुपारी बसने घरी आली की चार घास खाऊन कोणाच्या तरी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोपे रोवायला जायचे. रोवण्याच्या दिवसांत गावाची रीतच तशी. आज आपण दुसऱ्या बायांच्या चिखलात वाकायचे, म्हणजे आपली पाळी आली की त्या आपल्याकडे येतात. कामिनीच्या धानाची पाळी रविवारी होती.

ती स्वतः चारला उठली होती. दोन डबे, सासऱ्यांचा काढा, अर्ध्या तासात जाणाऱ्या नळाचे पाणी. नवरा कैलाश तलावाच्या पाण्यावर नजर ठेवायला अंधारातच फावडे घेऊन गेलेला. दोन्ही पोरांच्या शाळा, क्लास, कवायती, परीक्षा, सगळ्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. ती स्वतः निवांत बसून शेवटची कधी जेवली, ते मात्र विचारू नका.

लाखनीच्या हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. ती कशीबशी ओलांडून तिने टीनाला क्लासच्या गल्लीच्या तोंडाशी सोडले.

“जा लवकर.”

“हो.”

आठ दिवसांपासून पोरगी एवढेच बोलत होती. कामिनीने गाडी वळवली. पेट्रोल पंपापाशी आली तेव्हा हँडलच्या हुकाला लटकलेली पिशवी तिला दिसली. टीनाचा डबा!

“घ्या!” ती स्वतःशीच म्हणाली. सातला तिला आनंदाबाईच्या बांधीत हजर राहायचे होते. उशीर झाला की बाया तोंडावर काही बोलत नाहीत, पाठीमागे मात्र दिवसभर पुरवून पुरवून बोलतात. तरी तिने गाडी परत फिरवली. दुपारपर्यंत उपाशी ठेवणार का पोरीला?

क्लासच्या खोलीला कुलूप होते. बाहेर एकही सायकल नव्हती. पडवीत सरांचे म्हातारे वडील दात घासत बसले होते.

“मास्तर बांधीत गेला, बाई. रोवण्यापुरता क्लास बंद हाये. आठ-नऊ दिवस झाले. पोराईले सांगतलं ना त्यानं.”

कामिनीने कुलूप हातात धरून ओढून पाहिले. आठ दिवस ती स्वतःच्या हाताने पोरीला इथे आणून सोडत होती. मग सतरा वर्षांची पोर आठ वाजेपर्यंत जाते तरी कुठे? नको नको ते मनात आले. मागच्या महिन्यात कोण्या गावची पोरगी मोटरसायकलवर दिसली होती, त्यावरून गावभर झालेली चर्चा आठवली. तिने स्कूटी तिथेच टेकवली आणि गल्लीतून चालत सुटली.

चौथ्या घराच्या दारात टीनाची सँडल दिसली. डाव्या पट्ट्याला कामिनीनेच पांढऱ्या दोऱ्याने टाके घातले होते. घर तिच्या वर्गातल्या अंजूचे. अंजूची आई ललिताबाई अंगणात सडा टाकत होती.

“टीना हाये का इथं?”

ललिताबाईने बादली खाली ठेवली आणि तोंडावर बोट धरले.

“हळू. झोपली हाये.”

“झोपली?”

“पयल्या दिवशी म्हणे, काकू, पाच मिनिटं टेकू का? साडेसातलेच उठवलं मी. आता रोजच येते. मले वाटलं, तुले मालूम असन.”

कामिनी उंबऱ्यापाशी गेली. चटईवर टीना आडवी होती. अंगावर ड्रेस, एका खांद्यात अजून दप्तराचा पट्टा, तोंड उघडे. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, त्यांवर जांभळे औषध लावलेले. पंखा खडखडत होता, तरी तिला पत्ता नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे खोटे! आठ दिवस आपण चारला उठतो, ट्रकांच्या धुरातून सहा किलोमीटर येतो, आणि बाईसाहेब इथे घोरतात! सांगितले असते तर आपणही तासभर पडलो असतो. असे पडलो असतो की भूकंप झाला तरी उठलो नसतो. तिने आत पाऊल टाकले. कान धरूनच उठवायचे ठरवले होते तिने.

ती पोरीजवळ वाकली आणि तशीच थांबली.

सांगितले असते तर? क्लास बंद आहे हे घरात कळले असते, तर कैलाश दुसऱ्या दिवशी पहाटेच म्हणाला असता, चल, परे उपटायला, रोपांच्या पेंढ्या बांधायला. आणि तिला हाक मारून उठवले असते ते कामिनीनेच. वर म्हणाली असती, आता क्लास नाही ना, मग काय करतेस घरात? हे तिला इतके पक्के ठाऊक होते की तिची तिलाच लाज वाटली.

“उठवू का?” ललिताबाईने दारातून विचारले.

कामिनीने नकारार्थी मान हलवली. हातातली पिशवी तिच्याकडे दिली.

“अंजूजवळ द्या. कॉलेजात गेल्यावर टीनाले दे म्हणा, अन आई गेटवर देऊन गेली असं सांग म्हणा. मी इथवर आलती, हे नका सांगू.”

“बस ना जरा. चा ठेवतो. किती दमली दिसतेस.”

“नको, रोवणा हाये.”

ती आनंदाबाईच्या बांधीत अर्धा तास उशिरा पोहोचली. बाया बोलल्या. तिने ऐकून घेतले.

रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा कैलाश बोटांवर माणसे मोजत होता.

“रविवारी बारा बाया येतात. तू अन टीना धरून चौदा. संध्याकाळपर्यंत उरकते सारं.”

टीना भाताची शिते ताटात इकडून तिकडे करत होती.

“टीना नाही यायची,” कामिनी म्हणाली.

“काहून?”

“सरचा फोन आला होता मले. रविवारी जादा क्लास ठेवला हाये. सकाळी सहापासून दुपारपर्यंत.”

टीनाचा घास हातातच राहिला.

“रोवण्यात क्लास?” कैलाशने कपाळाला आठ्या घातल्या. “त्या मास्तरले सोताची बांधी नाही का?”

“असन. त्याच्या घरी माणसं असतीन.”

“अन आपल्या घरी? एक हात कमी झाला तर सोमवारपर्यंत जाते काम.”

“जाऊ द्या सोमवारपर्यंत. मी करतो ना. बारावी एकदाच असते,” कामिनी म्हणाली.

कैलाश काही वेळ कुरकुरला. मग त्याने टीनाकडे पाहिले.

“काय शिकवते वं तो रविवारी?”

टीनाने बापाकडे पाहिले, मग आईकडे. कामिनी वरणात डाव फिरवत होती.

“रिव्हिजन,” टीना म्हणाली.

कैलाश हात धुवायला बाहेर गेला. त्याच्यामागे भुपेंद्र, उद्याच्या चार्टपेपरची आठवण करून देत गेला. चुलीपाशी दोघीच उरल्या. टीनाचे डोळे भरून आले होते.

“आई, क्लास तर...”

“सर म्हणाले, उशीर नाही करायचा,” कामिनीने तिला पुढे बोलूच दिले नाही. “चूपचाप जेव. अन उद्यापासून डबा विसरू नको.”