उताराला चालते, चढाला सटकते

प्रेस बंद पडली आणि छपाईवाल्याला घर खायला उठलं.

उभा जन्म त्याने धडधडत्या यंत्राशेजारी काढला होता. कानात आवाज नसला की त्याला वाटायचं, कुठेतरी काहीतरी बिघडलंय. मग ते बिघडलेलं शोधत तो घरभर फिरे. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, नळाचा वायसर बदलून झाला. शिलाई मशीन खोलून परत जोडलं, तेव्हा एक स्क्रू उरला. त्याची म्हातारी आई खाटेवरून सगळं बघत होती.

"आता माझे गुडघे तेवढे राहिलेत," ती म्हणाली. "पण त्यांना हात लावलास तर याद राख."

अशात बायकोची सायकल त्याच्या हाती लागली. बायको टेकडीवरच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. सायकल साधी, बिनगिअरची. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, चढावर चेन सटकतेय. जोर लावला की पायडल एकदम रिकामं जातं."

"बघतो," तो म्हणाला, आणि हातातला चहा अर्धा टाकून उठला.

सायकल उलटी करून त्याने चेन बोटाने दाबून पाहिली. चांगलीच लोंबत होती. मागच्या चाकाचे नट सैल केले, चाक मागे ओढलं, सरळ बसलंय ना ते बघून नट आवळले. पायडल हाताने गरगर फिरवलं. चेन सुतासारखी सरळ धावली.

"झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दारातच उभा होता. "काय झालं? सटकली?"

"सटकली."

"कुठे? वळणावर की पुढे?"

ती सांगत गेली, तो मान डोलवत गेला. मग चेन रॉकेलमध्ये बुडवली, ब्रशने घासली. एक कडी आखडलेली निघाली. दात्यावरून जाताना ती वाकतच नव्हती. "हा बघ चोर," असं म्हणत त्याने ती पक्कडीने हलवून हलवून मोकळी केली. अंगणात फिरवून बघितली, चोख चालली. चढावर परत सटकली. मग त्याने नवी चेन आणली. दाते एकेक करून तपासले; झिजलेला एकही नव्हता. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या त्याची बोटं पांघरुणावर नट आवळत असायची.

नव्या चेनवर काही दिवस बरे गेले. आणि मग एका संध्याकाळी बायको सायकल ढकलत आली. ओठ फुटलेला, गुडघा सोललेला. चढावर पाय रिकामा गेला आणि ती रस्त्यावर आपटली होती. मागून येणाऱ्या टेम्पोने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं.

छपाईवाल्याने तिच्या हातातून सायकल घेतली आणि उलटी केली.

"अरे, आधी बायकोकडे बघ!" आई ओरडली. "टाके काय सायकलीला घालायचेत?"

पण त्याचं डोकं चेनमध्येच अडकलं होतं. "तूच उभी राहून पायडल मारत असशील," तो म्हणाला. "असे हिसके कुठली चेन सहन करेल?"

नळाखाली गुडघा धूत असलेली बायको थांबली. "तो चढ आहे. बसून चढून दाखवा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सकाळी तिने सायकलीकडे पाहिलंही नाही. लंगडतच चालत कामावर गेली.

त्या दिवशी त्याच्या पायाला भिंगरी लागली. पेपर उघडला, मिटला. खिडकीशी गेला, दाराशी आला. रस्त्यावर कुणी बाई पडलीबिडली आहे का, असं उगाच वाकून पाहिलं. सायकलीजवळ बसला, उठला.

"एक तर बस, नाहीतर जा कुठेतरी," आई म्हणाली. "तुझ्याकडे बघून मला भोवळ येतेय."

तो सायकल घेऊन बाहेर पडला. फाटकापाशी त्याच्या लक्षात आलं, इतके दिवस दुरुस्त करतोय, पण ही सायकल आपण रस्त्यावर चालवलीच नाही.

सपाटीला ती लोण्यासारखी चालली. चढ लागला तसा दम लागायला लागला. बसून पायडल हलेना, म्हणून तो उभा राहिला, सगळं वजन उजव्या पायावर टाकलं. आतून 'कट्ट' असा आवाज आला, पाय हवेत गेल्यासारखा खाली गेला आणि हनुवटी हॅन्डलवर आदळली.

"लागलं का हो?" वरून येणाऱ्या एका बाईने विचारलं.

"छे," तो म्हणाला. तोंडात रक्ताची चव आली होती.

तो रस्त्याच्या कडेला बसला. मागचा ब्रेक घट्ट दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने पायडलवर सगळा भार टाकला. चेन पुढे सरकली. तिच्याबरोबर मागचं दातेरी चक्रही फिरलं. चाक मात्र जागच्या जागी. चेनने एकही दाता सोडला नव्हता. चेन कधी सटकतच नव्हती! त्या चक्राच्या आत, फ्रीव्हीलमध्ये, खटके असतात. पायडल मारलं की ते चाकाला धरतात. तेच सुटत होते. अंगणात, हाताने, बिनवजनाची सायकल फिरवून ते कसं कळणार?

फ्रीव्हील काढायचं हत्यार त्याच्याकडे नव्हतं. लाँड्रीच्या अलीकडेच सायकलचं दुकान होतं, तिथवर ढकलत गेला.

"ही तर लाँड्रीतल्या ताईंची," दुकानदार म्हणाला. "रोज दारावरून जातात. मी म्हटलंही, ठेवून जा, बघतो. नको म्हणाल्या. घरी मालक करतायत, त्यांनाच करू दे."

छपाईवाल्याने घसा खाकरला. "मीच तो."

दुकानदाराने त्याच्या हनुवटीकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. हत्यार शिकंज्यात आवळलं, त्यावर चाक बसवलं. दोघांनी चाक दोन बाजूंनी धरून जोर लावला तेव्हा कुठे फ्रीव्हील सुटलं. उघडून बघतात तर स्प्रिंग तुटलेली, खटके गोट्यांसारखे गुळगुळीत. नवं फ्रीव्हील चढलं. पण छपाईवाल्याच्या मनाला चैन पडेना. दुकान वाटेवर असताना ही बाई तशीच सटकणारी सायकल चालवत राहिली, ती का?

सुटायच्या वेळी तो लाँड्रीच्या फाटकाशी येरझारा घालत होता. बायको बाहेर आली, त्याला पाहून थबकली.

"हे हनुवटीला काय?"

"चढ."

"बसून चढलात?"

"उभा राहून." त्याने सायकल पुढे केली. "चेन नव्हतीच. फ्रीव्हील होतं. दुकानात बदललं." मग त्याला राहवेना. "तो म्हणाला, तू त्याला नाही म्हणालीस. तोंड फुटेपर्यंत? का?"

ती डोक्याला बांधलेल्या रुमालाची गाठ सोडत राहिली. "प्रेस बंद झाल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नव्हता. सायकल बिघडली आणि दारात येऊन उभे राहायला लागलात. काय झालं, कुठे झालं, विचारायला लागलात." गाठ सुटली तशी म्हणाली, "काल मात्र आधी सायकल उलटी केलीत."

त्याचे हात उगाच हॅन्डलवरून फिरले. "चुकलं माझं," तो म्हणाला. "गुडघा दाखव."

"रस्त्यात?"

"दाखव गं."

कठड्यावर बसून तिने गुडघा उघडा केला. जखम चिघळायला लागली होती. समोरच्या औषधाच्या दुकानातून त्याने पट्टी आणली आणि नीट बांधली. मग ती सायकलवर बसली, फाटकापुढच्या चढावर उभी राहून पायडल मारत वरपर्यंत गेली, वळून खाली आली. "धरतंय," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तो काम शोधायला बाहेर पडू लागला. बऱ्याच ठिकाणी नकार मिळाला. शेवटी खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या मशीनवर त्याला घेतलं. पण त्याआधी, फ्रीव्हील बदललं त्या दिवशीची संध्याकाळ सगळ्यात अवघड गेली. सायकल ठीक होती, म्हणजे विचारायला काहीच नव्हतं. तो ताटावर बसला, पाय हलवत राहिला, पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे केला.

"आज," अखेर तो म्हणाला, "चादरी किती आल्या?"

बायको हसली. "चादरींचं सोडा. आमच्या मुकादमाने आज काय केलं, ऐका," ती म्हणाली, आणि आईही खाटेवर सरसावून बसली.