जाताना डावी, येताना उजवी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो. पण घराची नव्हे, विमानाची! आज भंगारवाल्याच्या बायकोने मला कोंबड्यांच्या खुराड्याला बसवलं आहे, म्हणून काय झालं? जिने ढगांना वरून पाहिलं, तिने खुराड्यातही ताठच राहावं.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. मला तीन काचा. मधल्या काचेला सुईने टोचावं एवढं भोक, दव साचू नये म्हणून. माझी जागा डाव्या बाजूला, पंखाच्या पुढे. त्यामुळे खालचं जग आडकाठीशिवाय दिसे. मुलं माझ्यावर नाकं चेपून बसत आणि माझं कौतुक करत.

आमच्या वाटेवर धरणाचं एक मोठं पाणी होतं. त्याच्या तळाशी एक गाव बुडालेलं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की वरून गावाच्या गल्ल्या दिसत, हाडांसारख्या पांढऱ्या. जाताना ते डावीकडे, म्हणजे माझ्यात दिसे. येताना मात्र उजवीकडे. विमान तोंड फिरवतं, पण मी त्याची डावीच राहते. एवढी साधी गोष्ट, पण भले भले तिथेच फसत.

एका उन्हाळ्यात एक आत्या आणि तिचा भाचा आले. भाचा नकाशे काढणारा, त्यामुळे दिशांच्या बाबतीत कोणाचं ऐकणारा नव्हे. आत्या त्याच बुडालेल्या गावची. पाणी चढलं त्या दिवशी लोक ट्रकमध्ये चढत असताना तिची धाकटी बहीण शेळी आणायला मागे पळाली. “तू ये, मी थांबते,” असं आत्या तिला म्हणाली होती. बहीण परत आलीच नाही. तेव्हापासून आत्या त्या पाण्याकाठी कधी गेली नव्हती. आता गुडघे संपले होते, पुन्हा प्रवास व्हायचा नव्हता. एकदा वरून तरी गाव बघायचं, एवढीच तिची इच्छा.

जाताना ढग आडवे आले. भाचा म्हणाला, काळजी नको, येतानाही हीच खिडकी घेतली आहे. आणि स्वतःवरच खूश झाला.

येताना आकाश धुतल्यासारखं होतं. माझ्यात मात्र नुसते उघडे डोंगर. भाच्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. पलीकडच्या खिडकीशी एक व्यापारी पडदा ओढून घोरत होता. भाच्याने त्याला हाक मारली, विनवलं. डोळे न उघडता तो म्हणाला, “खिडकी माझी, झोपही माझीच.” तेवढ्यात विमान हादरू लागलं, पट्टे बांधायचा दिवा लागला आणि कोणाला उठता येईना.

आत्याने कपाळ माझ्यावर टेकलं.

आता पुढचं खरं मानू नका, मानलंत तर रात्री मला बोल लावाल. माझ्यातले डोंगर विरघळले. खाली पाणी आलं, पाण्यात गल्ल्या आल्या आणि एका गल्लीच्या तोंडाशी शेळी धरून एक मुलगी उभी राहिली. तिने वर पाहिलं.

आत्या अगदी हळू म्हणाली, “मी थांबले होते गं. ट्रक थांबला नाही.”

मग माझ्या काचांच्या मधोमध, जिथे कोणाचाच हात पोचत नाही, तिथे एक चिमुकला ओला पंजा उमटला. तिला तेवढं भोक पुरलं. आत्याने अलीकडून आपला सुरकुतलेला पंजा त्यावर ठेवला. “बघ, हात अजून तेवढाच आहे तिचा,” ती भाच्याला म्हणाली. भाच्याला दिसले नुसते डोंगर. पण त्याने मान डोलावली.

पुढे सफाईवाल्यांनी मला घासघास घासलं. पंजा जाईना. कारागीर म्हणाला, काचेतच खोट आहे, काढा हिला. अशी मी इथे आले. माझ्या बाजूला कोंबड्या बसत नाहीत. त्यांना पाण्याची भीती वाटत असावी.

मित्रांनो, खिडकी निवडताना आधी विचारा, जाताना की येताना? शेजाऱ्याने विनवलं तर पडदा उघडा. आणि माझ्यासारखीला पुसायचं असेल तर हलक्या हाताने पुसा.

परवा सकाळी भंगारवाल्याच्या बायकोने मला पुसलं आणि नवऱ्याला हाक मारली.

“अहो, कालपर्यंत इथे एकच पंजा होता ना? आज शेजारी एक मोठा, सुरकुतलेलाही आहे.”