वरचा बोल्ट

"आधी खालचे तिन्ही बोल्ट काढ," डायवर ओट्यावरून ओरडला. "जुनं सगळं निथळू दे. मग वरून नवं भर. एवढंही सांगावं लागतं का तुला?"

धाकली पिकपखाली उताणी पडली होती. पाठीला खडे टोचत होते. तेल पातळ व्हावं म्हणून आताच ती गाडी ओढ्यापर्यंत पळवून आणली होती, आणि खालचं लोखंड तव्यासारखं तापलं होतं. तिनं पान्हा लावला, दोन्ही हातांनी हिसका दिला. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या धुरीच्या मधोमध जो गोळा असतो, त्याचा बोल्ट सुटला आणि ऊन तेल मनगटावरून थेट काखेत गेलं. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला.

"भाजलं का?" डायवरनं विचारलं.

"थोडं."

"बरं झालं. आता ध्यानात राहील."

म्हातारी, डायवरची आई, दाराशी धान्य निवडत बसली होती. ती खुदकन हसली.

घरातली सगळ्यात लहान सून म्हणून ती धाकली. थोरल्या दोघी आपापले नवरे घेऊन कधीच वेगळ्या झाल्या, हिचं नाव मात्र तेच राहिलं. तिच्या नवऱ्याला गाव अजूनही डायवरच म्हणायचं. उतारावर चाक बदलताना जॅक सटकला आणि हीच गाडी त्याच्या अंगावर बसली. एक पाय मांडीपासून गेला, दुसऱ्यात सळई घातली. कुबडीवर तोल राहीना. वरच्या वस्त्यांवरचं दूध आणायचं काम बंद पडायला आलं, तेव्हा धाकली चावी घेऊन गाडीत बसली. पहिल्या आठवड्यात तिनं शेजाऱ्याचं कुंपण पाडलं. दुसऱ्या आठवड्यात ती दूध घेऊन आली. त्या दिवसापासून डायवर तिच्याशी सरळ बोललाच नाही.

मागच्या आठवड्यात ओढा पार करताना पाणी निम्म्या चाकांच्या वर आलं होतं. तेव्हापासून चढाला मागचा गोळा गुरगुरायला लागला. फिटरनं वाकून पाहिलं होतं. "हवेच्या नळीतून पाणी आत गेलंय. तिन्ही ठिकाणचं तेल बदल, पुढचा गोळा, मागचा गोळा, मधली पेटी. नाहीतर आतले दात खाऊन टाकील." आणि डेअरीच्या साहेबानं तर सांगूनच ठेवलं होतं, आता एक जरी खेप चुकली तर वस्त्यांचं दूध दुसऱ्या गाडीला.

म्हणून आज सकाळची खेप पोचवून झाल्यावर तिनं हे काम काढलं होतं. मागच्या गोळ्यातून निघालं ते तेल कसलं, दूध घातलेला चहाच. त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. मधल्या पेटीचं बरं निघालं. पुढचंही बरं. तिनं प्रत्येकाखाली वेगळा डबा लावला, निथळू दिलं, खालचे बोल्ट पुसून परत आवळले. मग वरचे काढायला घेतले. पुढचा निघाला. पेटीचाही निघाला. त्या दोन्हींत तिनं नवं तेल भरलं, वरच्या भोकातून ओघळ येईपर्यंत.

मागचा निघेना.

पान्हा लावला की गरकन फिरायचा. तिनं बोटानं चाचपलं. बोल्टाला कोपरेच नव्हते. सुपारीसारखा गुळगुळीत होता.

"अहो, हा वरचा बसत नाही पान्ह्यात."

तिनं डोकं बाहेर काढलं. डायवर भिंतीला टेकून हसत होता. हसता हसता त्याला खोकला आला.

"आता चालव," तो म्हणाला. "चालव की! गोळा कोरडाठाक. ओढ्यापर्यंत तरी जाते का बघ."

म्हातारी म्हणाली, "बाईमाणसानं कशाला हात घालावा नाही त्यात."

धाकली तशीच उठली. तेलकट हात पदराला पुसले आणि तडक फिटरकडे गेली.

फिटर ट्रॅक्टरच्या चाकाशी बसला होता. तिचं ऐकून त्यानं हातातलं काम थांबवलं.

"मागचा वरचा बोल्ट? तो तर डायवरनंच छिन्नी मारून वाटोळा केलाय. इथंच, माझ्यासमोर. मी म्हटलं होतं, वर नट वेल्डिंग करून काढू, तर म्हणाला पुढच्या वेळी बघू. त्याला चांगलं ठाऊक आहे." मग त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. "तुला आधी वरचा काढून बघायला नाही सांगितलं? कुणीही तेच सांगेल. वरचा निघत नाही तोवर खालच्याला हात लावायचा नसतो."

धाकलीनं तेलकट हात पुन्हा पदराला पुसले.

"तुम्ही चला ना, दादा. वेल्डिंगचं सामान घेऊन."

फिटरनं ट्रॅक्टरकडे तोंड फिरवलं. "त्यानं निरोप दिला तर येतो. त्याच्या दारात जाऊन त्याच्या मनाविरुद्ध मी नाही काही करणार. इतक्या वर्षांची उठबस आहे आमची."

"आणि उद्याची खेप?"

"ते तुम्ही नवरा-बायको बघा."

परत येताना तिला रडू आलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं. चालता चालता ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. बोल्ट मुळीच न काढता पाणी आत गेलं होतं. कुठून गेलं? हवेच्या नळीतून. मग पाणी जिथून गेलं तिथून तेल का जाणार नाही?

गोठ्यात गुरांना औषध पाजायची मोठी पिचकारी होती. ती तिनं राख आणि गरम पाणी घालून धुतली, उन्हात वाळवली. परत गाडीखाली शिरली. धुरीच्या माथ्यावरची हवेची रबरी नळी उपसून काढली. खाली बोटाएवढं भोक होतं. मागच्या गोळ्याचं जुनं तेल डब्यात जिथवर आलं होतं तिथं तिनं खिळ्यानं रेघ मारली, ते ओतून दिलं, डबा पुसला आणि रेघेपर्यंत नवं भरलं. मग पिचकारी भरायची, आडवं पडून हात वर करायचा, हळूहळू दाबायची. घाई केली की तेल उलटं यायचं, तोंडावर, डोळ्यांत. हात भरून आला की छातीवर ठेवायचा, परत उचलायचा.

"काय करतेस गं?" डायवरचं हसू थांबलं होतं.

तिनं हात पुन्हा वर केला.

"फिटर आला नाही ना? नाहीच येणार. अगं, एक दिवस! एक दिवस दूध नासलं तर काय आभाळ कोसळणार आहे? एक दिवस लोकांना म्हणू दे ना, तो असता तर असं झालं नसतं. एवढंही माझ्या वाट्याला नको?"

पिचकारी रिकामी झाली. तिनं ती पुन्हा भरली.

"बहिरी झालीस का? माझी गाडी आहे ती!"

ऊन कलेपर्यंत डबा रिकामा झाला. तिनं नळी जागेवर बसवली, चेहरा धुतला आणि भाकऱ्या थापायला बसली. त्याचं ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते ढकललं. तिनं ते उचलून आत नेलं, परत आणलं नाही.

रोज सकाळी गाडी काढायच्या आधी ती त्याला काखेत धरून घरामागे न्यायची, बसवायची, धुवायची, परत ओट्यावर आणून ठेवायची. म्हातारीच्या कंबरेत तेवढा जोर नव्हता. त्या सकाळी फटफटायला लागलं तशी ती उठली, ओट्यावरच्या त्याच्या अंथरुणाजवळून पुढे गेली आणि गाडीचं दार उघडलं.

"अगं ए," त्यानं हाक मारली.

तिनं चावी फिरवली.

"ए! मला नेऊन मग जा. अगं, जोरात लागलीय."

म्हातारी बाहेर आली. "कानात बोळे घातलेत का हिनं? अगं थांब!"

धाकलीनं आरशात एकदा बघितलं. तो दोन्ही हातांवर भार देऊन ओट्याच्या कडेपर्यंत सरकला होता. ओरडणं संपून आता नुसते ओठ हलत होते. तिनं गिअर टाकला.

चढाला गाडी गुरगुरली नाही. वस्त्यांवर कॅन भरून तयार होते. एकानं विचारलं, "डायवर बरा आहे ना?" ती म्हणाली, "बरे आहेत." आणि ते बोलताना तिला आपलं काही दुखत नाही, काही लाजही वाटत नाही, हे कळलं, तेव्हा मात्र ती जराशी घाबरली.

दूध उतरवून घरी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. म्हातारी शेजारी गाऱ्हाणं सांगायला गेली होती. डायवर ओट्याच्या त्याच कडेला होता. कमरेवर त्यानं गोधडी ओढून घेतली होती आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. माश्या घोंघावत होत्या. समोरच्या वाटेनं माणसं येत-जात होती.

तिनं पाणी तापवलं. गोधडी काढली, त्याला कुशीवर वळवलं आणि धुवायला घेतलं. त्यानं विचारलं, "उद्या नेशील ना?"

धाकलीनं फडकं पिळलं.

"आधी सांगा, त्या गाडीत आणखी कुठं कुठं काय मोडून ठेवलंय."

त्यानं तोंड आणखीच भिंतीकडे वळवलं. तिनं फडकं बादलीच्या काठावर टाकलं आणि हात खाली घेतले. त्याला तसंच उघडं ठेवून ती बसून राहिली. वाटेवरून कुणीतरी खाकरत येत होतं.

"डाव्या चाकाचा एक नट," तो भिंतीकडे बघत घाईघाईनं म्हणाला, "अर्ध्यावरच फिरतो. आणि हँडब्रेकची तार..."

तिनं फडकं उचललं आणि ऐकत ऐकत त्याची पाठ पुसायला लागली.