माऊलीला फोन धरता येत नाही

माझा नवरा फुटबॉल खेळतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो, हे अंबडमधल्या आमच्या पॅकिंग लाइनवरच्या निम्म्या बायकांना अजून पटलेलं नाही. "ते ठीक आहे गं, पण कामाला कुठे जातो?" असं त्या विचारतात. आता यांना काय सांगायचं? गेल्या वर्षी पंजाबात, अशा गावी की त्याचं नाव मलाच नीट घेता येत नाही. त्याच्या आधी शिलाँगला, त्याच्या आधी गोव्यात. अमित भोये हे नाव टीव्हीवर कधी आलं नाही. कुठल्या तरी क्लबाचा स्ट्रायकर दुखावला की त्यांना अमित आठवायचा, आणि तो पोरगा बरा होऊन उभा राहिला की अमितच्या हातात पुन्हा बॅग. मे महिन्यात करार संपायचा आणि तो घरी यायचा. आमची चैताली पहिले दोन दिवस त्याला पाहुणा समजून माझ्या मागे लपायची.

या वर्षी मे गेला, पावसाळा गेला, दिवाळीही गेली, पण बोलावणं आलं नाही. अमित तेहतीसचा झाला होता, आणि या धंद्यात तेहतीस म्हणजे म्हातारा. सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून यायचा आणि मग दिवसभर फोन समोर ठेवून बसायचा. मी कामावरून आले की विचारायचा, "आज लाइन बंद होती का?" म्हणजे बोलायला काहीतरी. मला तो तसा बसलेला सोसत नव्हता, खोटं कशाला बोलू. ज्या माणसाची मी दहा-दहा महिने वाट बघायचे, तो घरात असूनही सापडत नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटी कोलकात्याहून दासदांचा फोन आला. अमित पूर्वी एक सीझन त्यांच्या क्लबातून खेळला होता, तिथले ते मॅनेजर. त्यांच्या स्ट्रायकरची नडगी मोडली होती. जानेवारीत खेळाडू बदलायची मुदत उघडते, तेव्हापासून मेपर्यंत अमित हवा होता. आल्यावर मेडिकल होईल, फक्त डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत पक्कं सांगा, तिकीट काढतो, असं म्हणाले. अमितनं तोंडी होकार तेव्हाच दिला, पक्कं शनिवारपर्यंत कळवतो म्हणाला. त्या दिवशी तो बाथरूममध्ये गाणं म्हणाला आणि मी कोंबडी केली.

तेवढ्यात सुरगाण्याकडून सासूबाईंचा फोन. पाड्यावर यंदा डोंगऱ्यादेव बसणार होता, म्हणजे डोंगराच्या देवाचा उत्सव. तीन वर्षांपूर्वी गोव्यात अमितच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्या नवस बोलल्या होत्या. पोराचा गुडघा बरा होऊ दे, तो तुझ्या खळ्यात माऊली होऊन नाचेल.

मी देव न मानणारी नाही. मी त्याच डोंगरातली, माझे वडीलही माऊली व्हायचे, म्हणजे या देवाचं व्रत घेऊन नाचायचे. म्हणून तर मला माहीत होतं की हे काय असतं. मार्गशीर्षात माऊल्यांनी घर सोडायचं, गार पाण्यानं आंघोळ करायची, एक वेळ जेवायचं, आणि भोपळ्याची पावरी वाजली की बडवलेल्या कडक जमिनीवर अनवाणी नाचायचं. पुनवेला डोंगरावर जाऊन आल्याशिवाय घरी परतायचं नाही. आमच्या पाड्यानं आता त्यात एक नियम वाढवला आहे, माऊलीनं फोनला हात लावायचा नाही. म्हणजे गुडघा बरा व्हावा म्हणून नवस, आणि तो फेडायचा त्याच गुडघ्यावर उड्या मारून! तेही मेडिकलच्या तोंडावर!

"आई, पुढच्या खेपेला फेडू," मी म्हणाले.

"देवाला काय सांगू, पुढल्या साली ये म्हणून?" सासूबाई म्हणाल्या. "गुडघा दिला ना त्यानं? मंग आता मागं सरायचं नाय."

मला वाटलं, अमित समजावेल. आयुष्यभर त्यानं आईला असंच समजावलं होतं, मॅच आहे, कॅम्प आहे, सुट्टी नाही. पण त्यानं माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाला, "येतो आई." मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. तो गेला तेव्हा चैतालीनं त्याला टाटा केला, मी भांडी घासत राहिले.

दासदांना कळवायचा शनिवार आला. मी सुट्टी टाकली, चैतालीला शेजारच्या मंगलाबाईंकडे ठेवलं, अमितचा फोन पर्समध्ये घातला आणि सुरगाण्याची एसटी पकडली. पुढे जीपनं पाड्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. त्याला उचलून आणायचं ठरवूनच मी गेले होते.

खळ्यात पावरी वाजत होती. माऊल्या एकमेकांच्या कमरेला धरून गोल फिरत होत्या आणि त्यांच्यात अमित होता, उपरणं बांधलेला, पाय धुळीनं पांढरे. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण त्या पायाला मी किती रात्री बर्फ लावलाय. डावा पाय तो नुसता चवड्यावर टेकवत होता आणि सगळा भार उजव्यावर घेत होता. बाजूचे दोघे त्याला जवळजवळ उचलून नेत होते आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

सासूबाई कडेला बसल्या होत्या. मला बघून सरकल्या.

"कसा नाचतो बघ माना पोसा, माना पोरगा," त्या म्हणाल्या. डोळे भरलेले. "एवढं खेळला तो, पन मी काय त्याचा खेळ कदी बघला नाय. आज बघते."

भांडायला आलेली मी त्यांच्या शेजारी बसले. खरंच की, या बाईला कोणी कधी मैदानावर नेलंच नव्हतं. मीही नाही.

पावरी थांबली. अमित मोहाच्या सावलीत येऊन बसला. माऊलीला शिवत नाहीत, म्हणून मी जरा लांब बसले.

"दासदांचा फोन वाटेत दोनदा येऊन गेला," मी म्हणाले. "तिकडं वर पाण्याच्या टाकीपाशी रेंज हाय. चल, बोल आणि निघू."

तो धुळीत बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "गुडघा गेला, रोशनी."

"इथं येऊन?"

"नाय गं. पंजाबातच गेला. शेवटी शेवटी दुखणं मारायची सुई टोचून खेळायचो. मेडिकलला मशीनखाली घातला का लगेच परत पाठवतील."

"आणि आई?"

"तिला बरा झालाय असंच सांगितलंय. तिला तेवढंच सुख."

म्हणजे सासूबाई बऱ्या झालेल्या गुडघ्याचा नवस फेडत होत्या, आणि पोरगा मोडक्या गुडघ्यावर नाचून त्यांना साथ देत होता. माझं डोकंच फिरलं.

"मग दासदांना हो कशाला म्हणालास? वर कोंबडी खाल्लीस!"

तो हसला. किती महिन्यांनी हसला असेल. "मला नाय म्हणता येत नाय. एवढ्या क्लबांत एकालाबी कदी नाय म्हणलो नाय. नाय म्हणायचं काम त्यांचं."

"आणि हे नाचणं? हा पाय जन्माचा जाईल ना रे!"

"इथं कोणी मॅचसारखा नंबरचा बोर्ड दाखवून बाहेर काढत नाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "तूच सांग ना त्यांना. माऊलीला फोन धरता येत नाय."

"वा! नवस तुझ्या आईचा, गुडघा तुझा, आणि नकार मी द्यायचा?"

"हो," तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की मी पर्स उचलून उठले.

टाकीकडे जाताना मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा राग येत होता. हो म्हटलं असतं तर तो गेला असता, मशीनखाली झोपला असता आणि आठवड्याच्या आत बॅग घेऊन परत आला असता. तो चेहरा मला बघायचा नव्हता. नाही म्हणायचं, हे ठरलं. पण दासदा सहजी सोडणार नाहीत असं मी धरून चालले होते. का म्हणून विचारतील, समजावतील, थोडे पैसे वाढवू म्हणतील. त्यावर काय काय बोलायचं ते मी चढ चढताना मनात जुळवत होते. नवरा असा-तसा नाही, त्यानं तुमच्यासाठी पाय झिजवलाय, हेही सांगणार होते.

दासदांनी पहिल्याच रिंगला उचललं. "हाँ भाभी, टिकट कर दूँ?"

"नहीं दादा. वो नहीं आएगा. अब नहीं खेलेगा."

मी थांबले. आता विचारतील.

"अच्छा, ठीक है," दासदा म्हणाले. आणि त्याच दमात, "भाभी, आपके उधर और कोई लड़का है क्या? स्ट्राइकर? बाईस-तेईस का चलेगा."

"नहीं है," मी म्हणाले. पण फोन कापला गेला होता.

झालं. एवढंच होतं. मी टाकीला टेकून उभी राहिले. खाली सासूबाई कुणाला तरी अमितकडे बोट करून काहीतरी सांगत होत्या. मला दासदांचा राग आला नाही, याचंच नवल वाटलं. त्यांना स्ट्रायकर हवा होता, अमित नव्हे. इतकी वर्षं ज्यांनी ज्यांनी फोन केले त्यांनाही तेवढंच हवं होतं, आणि आम्ही दोघं दर वेळी गोडधोड करत बसलो.

मी खाली आले तेव्हा पावरी पुन्हा सुरू झाली होती. अमित उठून उभा होता, खळ्याच्या कडेला, माझीच वाट बघत.

"काय म्हणाले?"

"ऐकायलाच तयार नव्हते," मी म्हणाले. "लय वेळ धरून बसले. म्हणाले, भोयेसारखा दुसरा आता कुठून आणू."

अमितनं मान खाली घातली आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "दासदांचा माझ्यावर पहिल्यापासून जीव." आणि बाजूच्याच्या कमरेला हात घालून तो आत शिरला.